दोन-दोन इंचांची चीर

माझी दहाही बोटं शाबूत आहेत. सुतारकामात सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाने असं म्हणणं ही फुशारकी आहे, हे मला कळतं. ज्या उस्तादांच्या हाताखाली मी काम शिकलो त्यांची सात होती, आणि ते विडी पेटवायला लागले की मी दुसरीकडे पाहायचो. त्यांनी मला रंधा शिकवला, सांधा शिकवला. पण त्यांच्या हाताकडे पाहून मी जे शिकलो, ते त्यांनी शिकवलेलं नव्हतं. कशावरच विश्वास ठेवायचा नाही, हे ते शिक्षण. लाकडावर नाही, पात्यावर नाही, विजेवर नाही, आणि गिऱ्हाईक "यात काही नाही, साफ आहे" असं म्हणालं की त्या गिऱ्हाइकावर तर मुळीच नाही.

बायको म्हणते, तुम्ही जन्मजात संशयी आहात. खोटं नाही ते. मी दुकानाला कुलूप लावून चार पावलं जातो, परत येतो आणि कुलूप ओढून पाहतो. भाजीवाल्याचं वजनमाप हातात घेऊन पाहतो. लग्नाआधी तिला पाहायला गेलो होतो तेव्हा चहात साखर जास्त का, याचाही मी रस्ताभर विचार केला होता, आणि ही गोष्ट तिला सांगण्याचा मूर्खपणाही केला होता. भांडण झालं की शेवटी मी दोन्ही पंजे तिच्यासमोर धरायचो आणि म्हणायचो, मोज.

माझं दुकान गोंदियाजवळच्या कुडव्यात आहे. दुकान म्हणजे टिनाची लांबट शेड. समोर तयार दिवाण आणि दारं, मागे लाकडाचा ढीग, आणि मधोमध कटर मशीन. लोखंडी टेबलाच्या फटीतून गोल पातं वर येतं आणि आपण लाकूड त्याच्यावर सरकवायचं, एवढंच काम. पाहणाऱ्याला वाटतं, यात काय मोठं? लाकूड आडवं तोडण्यात खरंच काही मोठं नाही. पण लांबीने उभं चिरायचं असेल तर मी पोरांनासुद्धा शेडमध्ये येऊ देत नाही.

लाकूड उभं चिरताना मोकळं होतं. झाड वाढताना त्यात जो ताण बसलेला असतो तो सुटतो आणि चिरत गेलेल्या दोन फाका कधी एकमेकींपासून फाकतात, कधी एकमेकींकडे वळतात. वळल्या की फिरतं पातं मध्ये आवळलं जातं. मग ते पातं लाकूड कापत नाही, उचलून सरळ तुमच्या अंगावर फेकतं. हे इतक्या पटकन होतं की झालं तेव्हा तुम्ही काय करत होता हे नंतर आठवत नाही. म्हणून पात्याच्या मागे एक पातळ लोखंडी तुकडा उभा असतो, आम्ही त्याला पाचर म्हणतो. दोन्ही फाका मिटू नयेत म्हणून तो असतो. बरेच कारागीर अडचण होते म्हणून तो काढून कोपऱ्यात टाकतात. माझ्या मशीनची पाचर मी कधीच काढत नाही, आणि सकाळी मशीन सुरू करण्याआधी ती कुणी काढली तर नाही, हे हात लावून पाहतो.

पात्याच्या बाजूला गाईड असतो. गाईड म्हणजे पात्याला समांतर उभी लोखंडी कड. पातं आणि गाईड यांच्यात जेवढं अंतर, तेवढ्या रुंदीची पट्टी निघते. लाकडाची सपाट बाजू गाईडला चिकटूनच राहिली पाहिजे, जरा तिरकी झाली की गेलं. पातं लाकडाच्या वर अर्धं बोट निघेल एवढंच ठेवायचं. शेवटचा वीतभर भाग हाताने नाही, काठीने ढकलायचा. बाही गुंडाळलेली, गळ्यात दुपट्टा नाही, हातात मोजे तर कधीच नाहीत, कारण पातं मोज्याचा धागा धरतं आणि मग हात धरतं. आणि उभं राहायचं ते पात्याच्या रेषेत नाही, जरा डावीकडे. लाकूड आलंच उलटून तर ते बाजूने निघून जावं. हे सगळं मी रोज करतो. देवाला दिवा लावायचा मी विसरेन, हे विसरत नाही.

लांब लाकूड एकट्याने चिरता येत नाही. पुढून एक ढकलतो, मागून दुसरा झेलतो. मागच्याने ओढायचं नसतं, लाकडाचं वजन तेवढं हातावर घ्यायचं. त्याचे हात कुठपर्यंत यावेत यासाठी मी टेबलावर लाल रंगाची रेघ मारली आहे. मशीनच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, कानात कापूस असतो. म्हणून मागच्याने हात वर केला की पुढच्याने गुडघ्यापाशी असलेलं लाल बटण दाबायचं. का, कशाला, हे नंतर विचारायचं.

माझ्या मशीनच्या मागे नऊ वर्षं माझा साळा उभा राहिला. बायकोचा धाकटा भाऊ. सालेकशाकडच्या त्यांच्या गावात धानाची थोडी शेती आहे, ती मोठा भाऊ पाहतो, म्हणून हा माझ्याकडे आला आणि राहिला. पस्तिशीचा असेल. बोलायला कमी, कामाला चोख. त्याचा सांधा माझ्यापेक्षा साफ बसायचा, हे मी त्याला एकदाही सांगितलं नाही. सांगितलं तर डोक्यावर बसेल असं वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी होळीच्या सुमारास मी गोंदियात प्लायवूड घ्यायला गेलो होतो. दुकानदार ओळखीचा. बिल करता करता तो म्हणाला, "आपका साला तो सालेकसा में दुकान देख रहा है। किराया पूछ रहा था किसी से।" मी हसून म्हणालो, "अच्छा है।" आणि परतीच्या वाटेवर स्कूटरवर माझे कान तापले होते.

त्याला मी काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर तो हो किंवा नाही म्हणाला असता आणि विषय संपला असता. पण संशयी माणसाला उत्तर नको असतं, पुरावा हवा असतो. मी त्याच्यावर नजर ठेवायला लागलो. त्याचा फोन वाजला की तो शेडबाहेर जायचा. आधीही जायचाच, आत मशीनचा आवाज असतो. पण आता मला त्याचं बाहेर जाणं दिसायला लागलं. बिजागऱ्यांच्या पुड्या मी मोजून ठेवायला लागलो. एक दिवस एक पुडी कमी भरली आणि दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी ती माझ्याच स्कूटरच्या डिक्कीत सापडली. मला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. वाटलं, यानेच आणून ठेवली असेल.

त्याच दिवसांत काकू आली. साळ्याच्या गावची, त्याच्या घराशेजारची. नवरा नसलेली, पंचावन्नच्या आसपासची, तेंदूपानं तोडून आणि धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला जाऊन हात काळे-राठ झालेले. तिचं मातीचं घर पाडून सरकारी योजनेतलं पक्कं घर होत होतं. त्याला लोखंडी चौकट बसणार होती, पण दाराचा पल्ला, म्हणजे झडप, तिला लाकडाचाच हवा होता, आणि तोही जुन्या घराच्या चौकटीच्या लाकडाचा. चौकटीच्या दोन्ही उभ्या बाजू तिने गावच्या मालगाडीतून, छोट्या टेम्पोतून, जुन्या लुगड्यात गुंडाळून आणल्या होत्या.

लाकूड बिजाचं होतं, आमच्या जंगलातल्या टणक झाडाचं. चार इंच रुंद, तीन इंच जाड, माणसाहून वीतभर लांब. वर हिरव्या ऑइलपेंटचे किती थर होते कोण जाणे. मी म्हणालो, "काकू, एवढ्या मजुरीत नवीन लाकडाचा पल्ला होईल."

"नाई जी. याचाच पायजे."

"खिळे आहेत का यात?"

"नाई. साफ हाय." आणि हे म्हणताना तिने माझ्याकडे नाही, साळ्याकडे पाहिलं.

मला तेवढं पुरे होतं. मी माझं लोहचुंबक काढलं. एका फुटलेल्या स्पीकरमधून काढलेलं, वजनदार. ते मी दोन्ही लाकडांवरून बोटाबोटाने फिरवलं. बिजागरीच्या जागी चार मोडके स्क्रू निघाले, ते मी उपटले आणि तिच्यासमोर टेबलावर ठेवले. "हे काय आहे मग?" बाकी लाकडावर चुंबक कुठेच चिकटलं नाही. मी म्हणालो, रंधा मारून रंग काढून घेतो. तर ती घाईघाईने म्हणाली, "रंग राहू द्या जी, मागून काढजा." आता लाकूड चिरायला आणलेल्या बाईला रंगाची काय एवढी पडली होती? हाही प्रश्न मी मनात नीट बांधून ठेवला. पण ज्या दिशेला तो घेऊन जायला हवा होता, तिकडे मी गेलो नाही. माझं डोकं दुसरीकडेच चाललं होतं.

पाणी प्यायला म्हणून मी बाहेर गेलो तर ती दोघं बोअरवेलजवळ उभी होती. काकूने साळ्याचं मनगट धरलं होतं. तो मान हलवत होता. मी टिनाच्या आडोशाला थांबलो. अर्धं ऐकू आलं, पण जे आलं ते स्वच्छ होतं. तो म्हणत होता, "भाऊजीले सांगतलं तं काय होते?" आणि ती म्हणाली, "सांगू नोको. बापा, तुले हात जोडतो, सांगू नोको."

झालं. सालेकशाचं दुकान, सालेकशाकडची गिऱ्हाईक, आणि मला सांगायचं नाही. माझ्या शेडमध्ये उभं राहून माझाच साळा माझं गिऱ्हाईक फोडून राहिला, असं मी धरून चाललो. आता नुसतं बाकी काय काय फुटतं आहे ते पाहायचं होतं.

साळ्याने आत येऊन मशीन लावलं. पात्याची उंची बघितली, गाईड सरकवून आवळला आणि तोंड धुवायला गेला. माझी सवय अशी की दुसऱ्याने लावलेला गाईड मी टेपने पुन्हा मोजतो. मोजला तर पात्यापासून दीड इंच. चार इंचाच्या लाकडातून दीड काढलं तर एक फाक दीडची आणि दुसरी अडीचची होते. कशासाठी? पल्ल्याला बरोबर मधोमध चिरून दोन-दोन इंचांच्या सारख्या पट्ट्या लागतात, हे तो माझ्याइतकंच जाणत होता. मी तिथेच उभं राहून हिशेब जुळवला. अडीचच्या फाकेतून पुढे एक जास्तीची पट्टी निघते. जुन्या बिजाची, माणूसभर उंचीची, बाजारात न मिळणारी. काकूने ती त्याला देऊ केली असणार आणि त्याच्या दुकानाचा पहिला माल माझ्या मशीनवर चिरला जाणार होता. सगळं कसं चपखल बसलं.

मी गाईड सैल केला, दोन इंचांवर आणला आणि आवळला. त्याला सांगितलं नाही. चोरी पकडली की ओरडायचं नसतं, चोराचं तोंड पाहायचं असतं, असं मला त्या वेळी वाटलं. हे लिहिताना मला माझी लाज वाटते, पण वाटलं ते असंच.

तो आला आणि मागे जाऊन उभा राहिला. गाईडवरचे आकडे मागून दिसत नाहीत. काकू दाराशी बसली होती. मी पाचर पाहिली, काठी हाताशी घेतली, कानात कापूस घातला, डावीकडे सरकून उभा राहिलो आणि मशीन सुरू केलं. बिजाचं लाकूड चिरताना एक तुरट वास सुटतो, तो सुटला. पहिली हातभर चीर सुंदर गेली. लाकूड त्याच्या बाजूला निघायला लागलं तसे त्याने दोन्ही हात खाली लावले. मग त्याने चिरेकडे पाहिलं. ती मधोमध येत होती.

त्याचं तोंड बदललं. मी त्याच तोंडाची वाट पाहत होतो. त्याने उजवा हात वर केला, पूर्ण, डोक्याच्या वर, पंजा उघडा. माझी आणि त्याची नजर भेटली. मला तो हात दिसला, त्याचा अर्थ मला माहीत होता, तो अर्थ मीच ठरवला होता. आणि मी मनात म्हणालो, आता कळलं ना? आणि लाकूड पुढे ढकललं.

आधी आवाज आला, लोखंडावर लोखंडाचा. ठिणगी उडाली. लाकूड पात्यावरून उसळलं आणि माझ्या कमरेला घासून माझ्या पाठीमागच्या टिनाच्या भिंतीवर आदळलं. मी डावीकडे उभा होतो म्हणून वाचलो. मी बटण दाबलं. पातं थांबायला वेळ लागतो. ते थांबेपर्यंत मला वाटत होतं की सगळं ठीक आहे, कारण माझं सगळं ठीक होतं. मग काकू किंचाळली.

त्याचा उजवा हात वर होता. लाकडाखाली एकटा डावा राहिला होता, आणि लाकूड उसळून माझ्याकडे आलं तेव्हा त्याने त्या डाव्याला बरोबर खेचून आणलं, लाल रेघेच्या अलीकडे. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. दोन्ही हात लाकडावर असते तर कदाचित ते खेचलं गेलं नसतं. मी पुष्कळदा हे मनात मांडून पाहिलं आहे. तो हात वर केला नसता तर वाचला असता, असंही निघतं त्यातून.

शेजारच्या ऑटोत घालून त्याला गोंदियाला दवाखान्यात नेलं. माझा दुपट्टा त्याच्या हाताला गुंडाळला होता आणि तो रस्ताभर त्या दुपट्ट्याकडे पाहत होता. मी त्याला विचारलं, "दुखतं का?" जगात यापेक्षा बिनडोक प्रश्न नसेल. तो म्हणाला, "नाई अजून." बोटं जोडता आली नाहीत.

काकू दवाखान्याच्या बाकावर बसली नाही, जमिनीवर बसली. तिथे तिने मला सगळं सांगितलं. त्यांच्याकडे आषाढातल्या अवसेला, जिवतीला, लोहार घरोघर येतो आणि दाराच्या चौकटीत एक खिळा ठोकतो. घराची राखण म्हणून. त्याला सूपभर धान द्यायचं. दरवर्षी एक खिळा. "माया लगनापासूनचे हायेत थे," ती म्हणाली. "माया सासूच्या हातचेही असतीन." चौकट काढली तेव्हा तिला प्रश्न पडला. खिळे उपटले तर राखण जाते. तसेच ठेवले तर सुतार लाकडाला हात लावत नाही. मग तिने काय केलं, जाड खिळा वर धरून हातोड्याने ते सगळे खिळे लाकडात खोल उतरवले, भोकांत लाख भरली आणि वरून हिरवा रंग दिला. त्या लाकडाचा पल्ला झाला की खिळे तिच्याबरोबर नव्या घरात जाणार होते. "खिळे हायेत" असं तिला म्हणायचं नव्हतं आणि खोटंही बोलायचं नव्हतं, म्हणून ती "साफ हाय" म्हणाली. वरून साफ होतंच.

माझं चुंबक एवढ्या खोलवरचा खिळा ओढत नाही. पण चुंबक राहू द्या. माझ्या सासुरवाडीच्या दारावर असे खिळे ओळीने आहेत. लग्नात त्याच दारातून मी आत गेलो, त्यांना टोपी अडकवली, पुढे पोरांचे अंगरखे अडकवले. दुनियेकडे संशयाने पाहणाऱ्या मला ते खिळे त्या दिवशी आठवले नाहीत.

"तुमच्या साळ्याले मी सांगतलं होतं," काकू म्हणाली. "थो म्हणे, काकू, भाऊजीले सांगा. मीच म्हटलं, नोको. थे मले हाकलून देतीन. अख्ख्या गावाले मालूम हाय तुमचा सोभाव. मंग थो म्हणे, खिळे मधोमध हायेत, तं मी असा चिरतो का पातं खिळ्याले लागणारच नाई. अडीच इंचात सारे खिळे सुटून जातीन." मग ती रडायला लागली. "तरी कसं लागलं, का मालूम."

कसं लागलं ते मला माहीत होतं. मी म्हणालो, "होतं असं कधी कधी."

तिने लाकूड परत नेलं. एक फाटलेलं, एक अख्खं. पल्ला कुणी केला की नाही, मी विचारलं नाही. सालेकशाच्या दुकानाचं मात्र खरं निघालं. तो खरंच भाडं विचारून आला होता. बायकोला माहीत होतं. अक्षय्य तृतीयेनंतर तो मला सांगणार होता, आणि कसं सांगावं याचा तिच्याशी सहा महिने सल्ला चालला होता. सहा महिने. दोघं भावंडं माझ्या घरात बसून मला एक साधी गोष्ट सांगायची हिंमत गोळा करत होती. म्हणजे माझा संशय बरोबर होता. लोक माझ्यापासून लपवतात, हे मी बरोबर ओळखलं होतं. का लपवतात, तेवढं बघायचं राहून गेलं होतं.

सुतार डाव्या हाताने लाकूड धरतो. पटाशी उजव्याने चालते, पण लाकूड डाव्यानेच धरावं लागतं. तीन बोटांनी धरता येतं, उस्ताद धरायचेच. पण साळ्याचा तो साफ सांधा परत येणार नाही हे त्याला आणि मला दोघांनाही कळत होतं. दुकानाचं त्याने पुन्हा नाव काढलं नाही.

गाईड कुणी हलवला हे आम्हा दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. मी वाट पाहत होतो की तो आता सांगेल. रोज संध्याकाळी घरी जाताना मला वाटायचं, आज बायकोला कळलेलं असेल. तिच्या आवाजावरून, ताट आपटण्यावरून मी अंदाज घ्यायचो. त्याने सांगितलं नव्हतं. हेही मला खटकायला लागलं. का सांगत नाही? काय हवंय त्याला? इतकं होऊनही माझं डोकं त्याच वळणावर जात होतं, याची मला स्वतःची भीती वाटली.

महिनाभराने त्याच्या हाताची पट्टी निघाली आणि बायकोने त्याला जेवायला बोलावलं. आम्ही दोघं खाली बसलो होतो, ती वाढत होती. त्याने डावा हात मांडीखाली घेतला होता. तिने भात वाढला आणि डाव हातात धरून तशीच उभी राहिली. मग भावाला म्हणाली, "मशीनवर आवाज राहते, हातानं सांगाचं राहते, हे मले मालूम हाय. तुले दिसलं नाई काय रे, पातं खिळ्यावर चाललं थे? हात काऊन नाई केला?"

तो थोडा वेळ भात कालवत राहिला. मग म्हणाला, "केला होता, बाई." मोठ्या बहिणीला तो बाईच म्हणतो.

तिने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तिने माझ्याकडे संशयाने पाहिलेलं मला आठवत नाही. ते काम आमच्या घरात माझं होतं. "मंग तुमाले दिसला नाई?"

"नाही," मी म्हणालो.

ती माझ्यावरून नजर काढत नव्हती. आता तो बोलेल, असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर तो बोलावा असंही वाटलं. साळा मान वर न करता म्हणाला, "भुसा उडून राहिला होता, बाई. त्याईले कसा दिसन?"

तिने सुस्कारा सोडला, "तुमचं थे मशीन" असं काहीतरी म्हणाली आणि वरण आणायला आत गेली.

मशीनवर माझ्या पाठीमागे एक पंखा चालू असतो. समोरचं मला नीट दिसावं म्हणून तो मीच तिथे बसवला आहे. माझ्या बाजूला भुशाचा कण राहत नाही, सगळा भुसा मागे उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर जातो. नऊ वर्षं तो त्याच्याच डोळ्यांत गेला. मी त्याच्या ताटाकडे पाहिलं, मीठ त्याच्यापासून लांब होतं, ते मी त्याच्याकडे सरकवलं. त्याने उजव्या हाताने चिमूटभर घेतलं आणि जेवायला लागला.